किल्लारी ते लातूर : नर्सिंगसाठी रोजचा प्रवास परवडेल का?

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पत्रांचा ओघ वाढतो. यंदाच्या पत्रांत एक पत्र किल्लारीहून आले आहे. लिहिणाऱ्या भगिनींची मुलगी गावातच राहून विज्ञान शाखेतून बारावी झाली. गुण साठ टक्क्यांच्या वर आहेत. तिला नर्स व्हायचे आहे. लातूरला जीएनएमला प्रवेश मिळेल असे दिसते. वडिलांचे शिलाईचे छोटे दुकान आहे, घरात आणखी दोन भावंडे आहेत. वडील म्हणतात, ‘रोज जाऊन-येऊन करणार असेल तर शिक, हॉस्टेलला ठेवणार नाही.’ आजी म्हणतात, ‘एवढ्या लांब रोज एसटीने पोरगी पाठवायची? त्यापेक्षा जवळच एक वर्षाचा कोर्स निघालाय, तो करू दे.’ आणि मामा म्हणतात, ‘तीन वर्षं हे करून शेवटी लग्नच करायचं ना?’

आईने शेवटी लिहिले आहे, ‘भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. पाय मोडला होता. सोलापूरच्या दवाखान्यात तीन आठवडे होते. तिथल्या एका सिस्टरला मराठीही धड येत नव्हतं, पण रात्री मी रडले की ती येऊन बसायची. माझ्या मुलीने हे काम करावं असं मला वाटतं. पण रोजचं नव्वद किलोमीटर तिला झेपेल का, आणि एवढं करून हाती काय लागेल, ते तुम्ही सांगा.’

हे पत्र एका घराचे असले तरी प्रश्न औसा, निलंगा, उमरगा, देगलूर, मुखेड अशा कितीतरी तालुक्यांतल्या घरांचा आहे. म्हणून या वेळचे पूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

आधी मान्यता, मग अंतर

आजीबाईंच्या ‘जवळच्या कोर्स’पासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. तालुक्याच्या गावी हल्ली सहा महिन्यांचे, वर्षाचे ‘नर्सिंग’ नावाचे वर्ग निघतात. भिंतीवर बोर्ड असतो, पांढरा ड्रेस असतो, शेवटी छापील प्रमाणपत्रही मिळते. पण आपल्या राज्यात नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, आणि ती नोंदणी मान्यताप्राप्त संस्थेत ठरलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच होते. असे अभ्यासक्रम मुख्यतः तीन आहेत. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. एएनएम आणि जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, जीएनएमला विज्ञान असल्यास बरे. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन झालेली बारावीच लागते. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक शिक्षण घेऊन पदवीही करता येते, तेव्हा पुढची वाट बंद होत नाही.

याखेरीज जे काही ‘नर्सिंग’ म्हणून विकले जाते, त्याने नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे सरकारी भरतीचा अर्ज भरता येत नाही, आणि परदेशात तर कोणी विचारतही नाही. गावातल्या एखाद्या खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून उभे राहता येते, तेही डॉक्टरच्या मर्जीवर. म्हणजे घराजवळचा तो कोर्स स्वस्त दिसतो, पण त्यात मुलीचे एक वर्ष आणि घरातले पैसे दोन्ही जातात आणि वर्षाअखेर ती होती तिथेच राहते.

म्हणून पहिले काम अंतर मोजण्याचे नाही. संस्थेचे नाव भारतीय नर्सिंग परिषदेच्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत, त्याच अभ्यासक्रमासाठी आहे का, हे पाहावे. परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी असते. गावातल्या सेतू केंद्रात किंवा मोबाइलवर अर्ध्या तासात हे काम होते. दुसरा प्रश्न संस्थेला समोरासमोर विचारावा : मुली प्रत्यक्ष काम शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात? तिथे खाटा किती, बाळंतपणे होतात का, रुग्ण खरोखर असतात का? ज्या संस्थेकडे चालते-बोलते रुग्णालय नाही, तिथे मुलगी वर्गात बसून इंजेक्शन शिकेल. अशी संस्था घरासमोर असली तरी लांबच समजावी.

लातूरची संस्था या दोन्ही कसोट्यांवर उतरत असेल, तरच पुढचा हिशेब करण्यात अर्थ आहे.

घड्याळाचा हिशेब

किल्लारीहून लामजना, औसा करत लातूर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एसटीने सव्वा ते दीड तास. स्टँडवर थांबणे, लातूरला उतरून रुग्णालयापर्यंत पोहोचणे धरले तर रोजचे किमान साडेतीन तास रस्त्यावर. वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस धरा : ९८० तास. म्हणजे वर्षातले जवळपास एकेचाळीस दिवस आणि एकेचाळीस रात्री आपली मुलगी एसटीत आणि स्टँडवर घालवणार. तीन वर्षांचे काढाल तर चार महिने होतात.

कोणी म्हणेल, कॉलेजच्या कितीतरी मुली असे येणे-जाणे करतात. करतात, खरे आहे. पण बी.ए., बी.कॉम.ची मुलगी आणि नर्सिंगची मुलगी यांत एक फरक आहे. बी.ए.च्या मुलीची बस चुकली तर एक तास बुडतो, ती मैत्रिणीकडून वही घेते. नर्सिंगमध्ये परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते, आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या कामाची हजेरी तर प्रमाणपत्र मिळण्याआधी शंभर टक्के पूर्ण करावी लागते. बुडालेला प्रत्येक दिवस नंतर भरून द्यावा लागतो. म्हणजे एसटीचा संप, पावसाने बंद झालेला रस्ता, घरातले लग्न, स्वतःचा ताप, हे सगळे दिवस तिच्या खात्यावर उधार म्हणून लिहिले जातात.

दुसरे म्हणजे पाळ्या. पहिल्या वर्षाचे सुरुवातीचे महिने बरेचसे वर्गात जातात. तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. पण नंतर वॉर्डातल्या पाळ्या सुरू होतात. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत सकाळची पाळी आठच्या सुमारास सुरू होते, दुपारची दोनला सुरू होऊन आठला संपते, आणि रात्रीची रात्रभर असते. आठच्या पाळीला पावणेआठला वॉर्डात पोहोचायचे तर सहाच्या आत बस पकडावी लागेल. हिवाळ्यात त्या वेळी फजरची वेळ असते आणि बाहेर अंधार असतो. दुपारची पाळी आठला सुटली तर लातूरच्या स्टँडवर साडेआठ, बस मिळाली तर किल्लारीला दहा. रात्रपाळी करून सकाळी निघालेली मुलगी दीड तास बसमध्ये डुलक्या घेत येणार. आणि प्रसूतिगृहाचे काम तर शिकायलाच हवे. बाळंतपण काही एसटीचे वेळापत्रक बघून होत नाही. जी मुलगी पाच वाजले की शेवटच्या बसकडे बघते, ती नेमके तेच शिकायचे राहून जाते ज्यासाठी ती आली होती. जीएनएमच्या शेवटच्या सहा महिन्यांत तर आंतरवासिता असते. तेव्हा ती विद्यार्थिनी कमी आणि ड्युटीवरची सिस्टर जास्त असते.

तिसरे म्हणजे अभ्यास. आपल्या बहुतेक घरांत बोलायला दखनी, शाळेला मराठी, आणि नर्सिंगची पुस्तके इंग्रजीत. शरीररचनेची, औषधांची नावे पहिल्या सहा महिन्यांत पाठ व्हावी लागतात. त्याला रोज संध्याकाळचे दोन शांत तास हवेत. साडेतीन तासांचा प्रवास हेच दोन तास खातो. बसमध्ये उभे राहून अभ्यास होतो असे जे म्हणतात त्यांनी लामजन्यापासून औशापर्यंत सोमवारी सकाळी उभे राहून पाहावे.

आणखी एक हिशेब आपण धरत नाही. प्रवास मुलगी करते, पण तिच्यासोबत घर जागते. आई चारला उठून डबा करते, भाऊ किंवा वडील गाडीवरून स्टँडला सोडतात, रात्री पुन्हा आणायला जातात. पहिला महिना सगळे हौसेने करतात. चौथ्या महिन्यात कुरबुर सुरू होते. सहाव्या महिन्यात कोणीतरी म्हणते, ‘बास झालं आता.’ रोजच्या प्रवासात मुलीच्या हिमतीआधी घराचीच उमेद संपते, असे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

पैशाचा हिशेब

वडिलांचा आग्रह रोजच्या येण्या-जाण्याचा आहे, त्यामागे काळजी आहे तसा खर्चही आहे. हॉस्टेल आणि मेस म्हणजे दरमहा काही हजार. त्या मानाने पास स्वस्त. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एसटीत सुमारे दोन तृतीयांश सवलत आहे; भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. बारावीपर्यंत मुलींना जो मोफत पास मिळत होता तो आता संपला, हे लक्षात ठेवावे. मुलगी हॉस्टेलला राहून आठवड्याला घरी येणार असेल तर पासाची गरज नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, तेच पुरे.

पण निव्वळ पास आणि हॉस्टेल यांची तुलना करून हिशेब पुरा होत नाही. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखा. प्रवासाच्या रकान्यात पास, लातुरातली रिक्षा, बाहेरचा चहा-नाश्ता, स्टँडपर्यंतचे पेट्रोल, आणि भावाचे किंवा वडिलांचे बुडणारे कामाचे तास लिहा. हॉस्टेलच्या रकान्यात खोली, मेस, महिन्यातून दोन-चार फेऱ्यांचे अर्धे तिकीट. दोन रकान्यांतला फरक निम्म्याने कमी झालेला दिसेल. त्या उरलेल्या फरकासाठी मुलीचे ९८० तास विकायचे का, हा खरा प्रश्न आहे.

फीच्या बाबतीत काही गोष्टी आपल्या घरांत माहीतच नसतात. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या, ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या ज्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळतो, त्यांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. म्हणून कोणी ‘सीट बुक करून देतो’ म्हणाला तर पैसे मोजण्याआधी दहा वेळा विचार करा. एका सहीने तीन वर्षांची सवलत जाऊ शकते. आपल्या अभ्यासक्रमाला आणि आपल्या संस्थेला सवलत लागू आहे का, हे प्रवेशाआधी संस्थेच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्यावे.

मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. ज्यांच्या बिरादरीला आरक्षण नाही, ते उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकतात. ओबीसींना जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रीमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. किल्लारी परिसरात इथेच गाडी अडते. १९९३ मध्ये कितीतरी घरांची कागदपत्रे ढिगाऱ्याखाली गेली. तरी मार्ग आहेत. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि तहसील व भूमी अभिलेख कार्यालयातली जुनी नोंद शोधता येते. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी उर्दूतही असतात. त्या वाचून देणारे बुजुर्ग अजून आपल्या मोहल्ल्यांत आहेत. ही कामे निकालानंतर सुरू केली तर उशीर होतो. ज्यांची मुले यंदा अकरावीत जात आहेत, त्यांनी आजच अर्ज करावा.

हाती काय लागते?

‘एवढं करून हाती काय लागेल’ या आईच्या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देणे बरे नाही. खाजगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार कमी असतो, काम जास्त असते. पहिली एक-दोन वर्षे अनुभवासाठी काढावी लागतात. सरकारी सेवेत चित्र वेगळे आहे. राज्याच्या आरोग्य सेवेत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये अशी आहे. एएनएम होऊन जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका झाल्यास २५,५०० ते ८१,१०० अशी. भरती दरवर्षी निघत नाही आणि निघाली की स्पर्धा असते. पण ही स्पर्धा नोंदणी असलेल्या मुलींमध्येच होते, आणि मराठवाड्यात रुग्णालये, उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे गावोगाव आहेत. खुद्द किल्लारीत ग्रामीण रुग्णालय आहे. नियमाने पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र असते आणि तिथे एएनएमची जागा असते. लग्नानंतर मुलगी ज्या गावी जाईल, तिथेही तिचे काम तिची वाट बघत असते. फार थोड्या शिक्षणांबद्दल असे म्हणता येते.

मामांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. लग्न करायचेच आहे, आणि चांगले करायचे आहे. पण निकाह झाल्यावर आयुष्यात काय वाढून ठेवले आहे हे अल्लाहलाच ठाऊक. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशी एक तरी भगिनी आहे जिच्यावर तरुणपणी घर चालवायची वेळ आली आणि हातात काही नव्हते. त्या दिवशी नोंदणीचा तो कागद दागिन्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दीन आणि लोक

आजीबाईंच्या मनातली भीती नुसती अंतराची नाही. पोरगी परक्या गावात, परक्या माणसांत, पुरुष रुग्णांमध्ये, रात्री-अपरात्री. ही काळजी हसण्यावारी नेऊ नये.

शुश्रूषा हे काम आपल्या परंपरेला परके नाही, हे आधी मनात पक्के करू. हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू मदिनेच्या मशिदीच्या आवारात होता. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना त्याच तंबूत ठेवायला सांगितले. हजरत उम्मे अतिया (रजि.) यांनी सात मोहिमांत जखमींची आणि आजाऱ्यांची काळजी घेतली. आपल्या आया-बहिणी दवाखान्यात गेल्यावर ‘बाई डॉक्टर आहे का, सिस्टर आहे का’ हेच आधी विचारतात. त्या सिस्टर आकाशातून येणार नाहीत. कोणाच्या तरी घरातूनच जातील.

प्रवासाचा मसला राहिला. आपल्याकडच्या बहुतेक हनफी उलेमांनी शरई सफरचे अंतर अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सुमारे सत्याहत्तर किलोमीटर धरले आहे. किल्लारी ते लातूर त्याच्या आत आहे. तरीही सुरक्षिततेची अट राहतेच, आणि घराच्या समाधानासाठी आपल्या मशिदीच्या आलिमांना वडिलांनी स्वतः भेटून विचारावे. अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवर मुलीचे भविष्य ठरवू नये.

संस्थेतही काही गोष्टी आधी विचाराव्यात, त्यात संकोच नको. गणवेशासोबत डोक्यावर स्कार्फ चालतो का? नमाजला जागा मिळते का? वॉर्डात जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोपरापर्यंत हात उघडे ठेवावे लागतात. तिथे नियम पाळावाच लागेल, हे मुलीला आधी सांगून ठेवावे. रमजानचाही विचार करा. रोज ये-जा करणारी मुलगी सहेरी करून लगेच बस पकडणार आणि इफ्तार बहुतेक वेळा औशाच्या आसपास, बसच्या सीटवर, खजूर आणि पाण्याच्या बाटलीवर करणार. हॉस्टेलमध्ये राहिली तर निदान चटई अंथरून चार मुलींबरोबर रोजा सोडेल.

हॉस्टेलची भीती

वडिलांचा विरोध शेवटी हॉस्टेलला आहे. नर्सिंगचे शिक्षण आणि राहण्याची सोय ही जोडी जुनी आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली तेव्हाच विद्यार्थिनींनी तिथेच देखरेखीखाली राहायचे, असा नियम केला. नाहीतर त्या काळच्या घरांनी मुली पाठवल्याच नसत्या. पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे यांनी तिथून मुली नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवल्या, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. सेवासदनाने वाद घालत न बसता त्या मुलींसाठी वसतिगृह चालवले. मुली राहिल्या, शिकल्या. त्या काळच्या उच्चवर्णीय घरांनाही हीच भीती होती जी आज आपल्या घरांना आहे, आणि ती विश्वासाची जागा मिळाल्यावरच गेली.

तेव्हा हॉस्टेल हवे की नको यापेक्षा कोणते हॉस्टेल, हे वडिलांनी ठरवावे. संस्थेचे स्वतःचे वसतिगृह असेल तर ते सगळ्यात बरे : रात्रपाळीला जाताना-येताना सोबत असते, वॉर्डन पाळ्या ओळखते. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाने अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी मुलींसाठी वसतिगृहे बांधली आहेत. तिथेही चौकशी करावी. लातूर शिकवण्यांचे शहर असल्याने मुलींच्या खाजगी खोल्या आणि मेस भरपूर आहेत, पण रात्री नऊला दार बंद करणाऱ्या खोल्या नीटच्या विद्यार्थिनींना चालतात, पाळीवरच्या नर्सला नाही. नातेवाईकाच्या घरी ठेवायचे असेल तर महिन्याला काही रक्कम हातात द्यावी आणि ती आधीच ठरवावी. खालाच्या घरी फुकट राहणारी भाची दोन महिन्यांत स्वयंपाकाला जुंपली जाते आणि अभ्यास मागे पडतो. नात्यातही वितुष्ट येते.

वडिलांनी एक दिवस दुकान बंद ठेवून मुलीला आणि आईला घेऊन लातूरला जावे. सकाळी सहाच्या बसने जावे आणि संध्याकाळच्या गर्दीच्या बसने यावे. हॉस्टेलची खोली, स्वच्छतागृह, पाणी, दाराची कडी बघावी. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींशी आईने एकटीने बोलावे. औसा आणि लातूर आगारात सकाळच्या पहिल्या आणि रात्रीच्या शेवटच्या बसची वेळ लिहून आणावी. संस्थेकडून पहिल्या वर्षाचे आणि तिसऱ्या वर्षाचे वेळापत्रक दोन्ही मागावे. बहुतेक पालक फक्त पहिल्या वर्षाचे बघून होकार देतात आणि दुसऱ्या वर्षी अडकतात.

आमचे मत

आम्हाला विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. लातूरची संस्था मान्यताप्राप्त असेल आणि रुग्णालय खरे असेल, तर मुलीने प्रवेश घ्यावा. तीन वर्षे रोज ये-जा करण्याची अट मात्र घालू नये. पहिले तीन-चार महिने, वर्ग सुरू असेपर्यंत, हवे तर घरून जावे. तेवढ्यात घरालाही धीर येईल, संस्थेची माणसेही ओळखीची होतील. वॉर्डातल्या पाळ्या सुरू झाल्या की हॉस्टेलला राहावे आणि सुट्टीला घरी यावे. याबद्दल प्रवेशाच्या आधीच घरात बोलणे व्हावे, म्हणजे पाळ्या लागल्यावर भांडण होणार नाही. हॉस्टेलच्या जागा वर्षाच्या सुरुवातीलाच भरतात. तेव्हाच नाव लावून ठेवावे.

वडील तरीही ऐकले नाहीत तर? एकीकडे रोजचा प्रवास आणि दुसरीकडे घरी बसणे, एवढेच दोन पर्याय उरले, तर प्रवास निवडावा. दमून शिकलेली मुलगी न शिकलेल्या मुलीपेक्षा पुढे असते. अशा वेळी त्याच रस्त्याने जाणाऱ्या आणखी दोन-तीन मुली शोधाव्यात, धर्म-जात न बघता; गावच्या मुली एकमेकींच्या सोबतीने गेल्या तर चारही घरांची काळजी कमी होते. आणि भावानेही घरात हातभार लावावा. बहीण रात्री दहाला आल्यावर तिच्याकडून भांड्यांची अपेक्षा ठेवू नये.

एक पर्याय आम्ही कोणत्याही परिस्थितीत सुचवणार नाही : मान्यता नसलेला जवळचा कोर्स. यंदा मान्य संस्थेत प्रवेश झालाच नाही, तर एक वर्ष प्रवेश परीक्षेची तयारी, इंग्रजी आणि दाखले यांत घालवावे. ते वर्ष वाया गेले असे कोणी म्हणू नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारी आणि आसपासची गावे कोसळली, तेव्हा हजारो जखमींना उमरगा, लातूर, सोलापूर अशा ठिकाणी न्यावे लागले. दवाखान्यापर्यंतचे अंतर म्हणजे काय, हे या भागाला कोणी शिकवायला नको. त्या दिवसांत बाहेरून आलेल्या आणि रात्रभर जागलेल्या परिचारिका कोणाच्या तरी मुलीच होत्या. त्यांच्या आई-वडिलांनीही एकदा त्यांना लांब पाठवायचे ठरवले होते.

ज्यांच्या घरात असा निर्णय घेऊन झाला आहे, मुली शिकत आहेत किंवा शिकून नोकरीला लागल्या आहेत, त्यांनी आपला अनुभव आम्हाला जरूर कळवावा : कोणती अडचण आली, खर्च किती झाला, काय आधी माहीत असते तर बरे झाले असते. निवडक पत्रे पुढच्या अंकांत देऊ, इन्शाअल्लाह. किल्लारीच्या त्या मुलीला अल्लाह उपयोगी इल्म देवो, तिच्या हातून लोकांना शिफा मिळो, आणि तिच्या आई-वडिलांना योग्य निर्णय सुचवो. आमीन.